गॅसबत्त्यांचं तेल

मेहुण्याच्या लग्नातल्या गॅसबत्त्यांसाठी जमवलेलं घासलेट मी मोटारीत ओतू दिलं. थोडा विचार केला असता तर टळलं असतं म्हणावं, पण विचार केला की माझा गोंधळ वाढतो, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

छप्पन-सत्तावन्नचा तो हिवाळा. कुठल्याशा परमुलुखातला कालवा बंद पडला, तेलाची जहाजं अडकली, असं दारव्ह्याच्या बाजारात जो तो सांगे. आपल्या कंदिलातलं तेल जहाजातून येतं हेच मला नवं होतं. पण विचारायची लाज वाटली, म्हणून मीही मान हलवून पुढच्याला तेच सांगत सुटलो. मला कळत होतं ते एवढंच, की दुकानात घासलेट मिळेना आणि दिग्रसची मोटार कधी येई, कधी येत नसे. दिग्रसला सासऱ्यांकडं तर थेंब नव्हता. जावई म्हणून मी मोठ्या तोऱ्यात डबाभर तेल आणायचं कबूल केलं, आणि ओळखीपाळखीतून बाटली-बाटली मागून जमवलंही.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. नवरदेवाची एकुलती एक बहीण म्हणजे माझी बायको. पाण्याचा कऱ्हा आणि त्यावर पेटता दिवा घेऊन भावामागं उभं राहायचा मान तिचा. ती पोचली नाही तर तो मान चुलत बहिणीकडं जाणार. त्या दोघींचं कसं होतं, ते मी इथं लिहीत नाही.

दुपारी स्टँडवर मोटार उभी होती, पण ड्रायव्हरचाचा सावलीत बसलेले.

"पेट्रोल आधे रस्ते का है, भाऊ. दिग्रसले कायच्यावर नेऊ?" एवढ्यात त्यांची नजर माझ्या डब्यावर गेली. "इसमें क्या है?"

"घासलेट."

"इंजन गरम झालं का थोडं घासलेट चालते. मिलाके देखें?"

मी बायकोकडं पाहिलं.

"माह्याकडं काय पाह्यता?" ती म्हणाली. "मले टायमावर पोचवा."

याचा अर्थ ओता असा की ओतू नका असा, ते मला आजही उमगलेलं नाही. मी डबा पुढं केला.

मोटार खोकत, काळा धूर सोडत निघाली. चढावर आम्ही पुरुषांनी उतरून ढकलली. गुरं गावात शिरत होती तेव्हा त्यांच्या मागोमाग आम्ही शिरलो. बायको पळतच मांडवात गेली. सासरे माझ्याकडं आले.

"या जवाईबापू! तेल कुठं हाय?"

"त्याच्यावरच आलो, मामाजी."

त्यांनी रिकाम्या डब्यात वाकून पाहिलं. "म्हंजे लग्नाचा उजेड पिऊन आले तुमी!"

मग कोणी तरी सरकीचं तेल आणलं, चिंध्यांचे टेंभे पेटवले. उजेड कमी अन् धूर जास्त. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवाचं तोंड दिसलं ते बायकोनं मागून खांद्याजवळ धरलेल्या कऱ्ह्यावरच्या दिव्यामुळंच. सारा मांडव तिकडं पाहत होता आणि बायको ताठ उभी. मी बरोबर केलं की चूक? पाहुणे मला हसत होते आणि हसता हसता पाठही थोपटत होते. त्यावरून काही ठरवता येईना.

जेवणं झाल्यावर मी हळूच तिलाच विचारलं, "बरं झालं ना, ओतलं ते?"

"कऱ्हा माह्या हातात आला, मले बाकी काही म्हणायचं नाही," ती म्हणाली. "पण वापस जाताना मोटारीत काय वतता, ते आताच सांगून ठेवा."