सातिवली का शेर

वसईच्या खाडीपासून विरारच्या डोंगरापर्यंत आमच्या भाऊजींइतक्या लाथा कोणी मारल्या नसतील, आणि त्यांच्याइतक्या कोणाच्या वायाही गेल्या नसतील. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान, घरचे जावई. आमच्या सासरी जावई हा देव्हाऱ्यातल्या टाकासारखा असतो. त्याचा उपयोग काय हे विचारायचं नसतं, नुसता पुसून जागेवर ठेवायचा. त्यामुळे गेली कित्येक वर्षं हे गृहस्थ सांडोरला माझ्या सासरच्या घरी येतात, पडवीत, अंगणात, केळीच्या वाडीत मनसोक्त हातपाय झाडतात, आणि त्यांना कोणी 'पुरे' म्हणत नाही. मी म्हणते, पण मनात. सुनेला तेवढंच स्वातंत्र्य आहे.

पोटापाण्यासाठी भाऊजी सातिवलीला प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. पण 'काय करता आपण?' असं कोणी विचारलं, तर ते बादलीचं नाव काढत नाहीत. "मार्शल आर्ट," असं म्हणतात आणि म्हणता म्हणता एक पाय मागे घेतात. उंची बेताची, पोट भरीव, आणि डोक्यावर जे काही केस टिकून आहेत ते वाढवून मागे बांधलेले. त्यांच्याकडे काळा पट्टा आहे. तो कोणी दिला असं विचारलं की ते पश्चिमेकडे बघतात. आमच्या पश्चिमेला समुद्र आहे, त्यामुळे तपास तिथेच थांबतो. रविवारी सकाळी ते आपल्या सोसायटीच्या गच्चीवर कराटे शिकवतात. शिष्य म्हणजे डॉक्टरांनी चालायला सांगितलेले, पण चालायचा कंटाळा असलेले शेजारपाजारचे लोक. सगळे मिळून 'हा!' असं ओरडतात, तेव्हा कबुतरं उडतात. भाऊजींच्या कराट्याने आजवर हलवलेली सजीव वस्तू ती एवढीच.

ते दार हाताने उघडत नाहीत. डास दिसला की दोन बोटांनी हवेत पकडायला जातात आणि डास त्यांच्या कोपरावर जेवून निघून जातो. आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्यांनी जाहीर केलं की नारळ आपण हाताच्या कडेने फोडणार. गुरुजी पळी हातात धरून थांबले. भाऊजींनी डोळे मिटले, श्वास घेतला, नारळावर तीनचारदा हात आपटला आणि मग बराच वेळ तो हात काखेत धरून बसले. नारळ ढिम्म. शेवटी आमच्या ह्यांनी तो उचलून उंबऱ्यावर आपटला आणि एका फटक्यात दोन शकलं केली. तर भाऊजींनी काय म्हणावं? "मी सैल करून ठेवला होता."

राग आला की ते हिंदीत शिरतात. मराठी माणसाशी भांडतानासुद्धा. "तू मेरे को ओळखता नहीं," असं त्यांनी एका मराठी रिक्षावाल्याला सुनावलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ओळखतो की काका, माझी आई तुमच्याच क्लासला येते." मी एकदा न राहवून विचारलं की भांडायला हिंदी कशाला? त्यांनी मला समजावून सांगितलं, "वहिनी, मराठीत मार बसत नाही. मराठीत माणूस आधी 'अहो' म्हणतो. 'अहो' म्हटल्यावर कसला मारतोय? मार हिंदीतच बसतो."

अशा माणसाने सिनेमा काढला तर तो हिंदीतच निघणार. एका रविवारी सांडोरला सगळे जेवायला बसलो होतो. भाताचा डोंगर समोर असताना भाऊजी म्हणाले, "मी सिनेमा काढतोय. हिंदी. मार्शल आर्ट. नाव ठरलंय : सातिवली का शेर." माझ्या घशात कोळंबी अडकली. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "काढा हो, काढा. आदी जेवून घ्या."

कथा त्यांची, संवाद त्यांचे, दिग्दर्शन त्यांचं, आणि हिरोही अर्थात तेच. बादल्यांच्या कारखान्यातला एक प्रामाणिक सुपरवायझर असतो. त्याच्या बायकोला गुंड पळवून नेतात, आणि तो एकटा सगळ्यांना लोळवून तिला सोडवून आणतो. "विनोदी आहे का?" असं मी निरागस चेहऱ्याने विचारलं. भाऊजींनी भाताचा घास खाली ठेवला. "वहिनी, ह्यात विनोद एकही नाही."

बायकोच्या कामाला ताईच मिळाल्या, म्हणजे माझ्या नणंदबाई. दुसरी कोणी बाई तयार होईना. ताई अबोल. त्यांनी 'बरं' म्हटलं आणि कुठली साडी नेसू एवढंच विचारलं. गुंड म्हणून गच्चीवरचे शिष्य आले. मुख्य खलनायक आमचे हे. आता, आमचे हे विमा कंपनीत नोकरी करतात आणि लिफ्टमध्ये कोणाचा धक्का त्यांना लागला तर स्वतःच 'सॉरी' म्हणतात. त्यांना भाऊजींनी काळा चष्मा आणि चट्टेरीपट्टेरी शर्ट घातला. कॅमेऱ्याला गास गावचे एक शूटिंगवाले होते. त्यांचा सगळा जन्म लग्नं, बारशी आणि ख्रिस्ती घरांतल्या पोरांच्या पहिल्या कम्युनियनचे सोहळे टिपण्यात गेलेला. मारामारी ऐन रंगात आली की त्यांचा कॅमेरा सवयीने हळूच बाजूच्या बायकांच्या साड्यांवर आणि दागिन्यांवर जायचा. तिथून फिरून परत येईपर्यंत गुंड मरून उठून पाणी प्यायला गेलेला असायचा.

पहिली मारामारी आमच्या केळीच्या वाडीत घेतली. भाऊजींनी गुंडाला मारलेली लाथ केळीला बसली आणि नुकताच घड धरलेली केळ मुळासकट आडवी झाली. पाठोपाठ भाऊजी पाण्याच्या पाटात पडले. ती केळ सासूबाईंनी स्वतः पाणी घालून वाढवलेली होती. माझ्या हातून साधं पान फाटलं तरी मला दोन दिवस ऐकावं लागतं. त्यांनी पडलेल्या घडाकडे पाहिलं, चिखलात बसलेल्या जावयाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पडायलाच आलती ती." मी सांगते, जावई होऊन जन्माला यावं.

शेवटची मारामारी सातिवलीच्या गोडाउनमध्ये होती. कारखान्याला सुट्टी होती, मालकाने चावी दिली होती. चारी बाजूंना बादल्यांच्या थप्प्या, मध्ये खुर्चीवर पळवून आणलेल्या ताई. त्यांचा खांदा दुखत होता म्हणून त्यांना बांधलं नव्हतं, दोरी नुसती मांडीवर ठेवली होती. त्या दोरीवर परात, आणि परातीत डाळिंब्या. संध्याकाळी उसळ करायची होती आणि रिकामं बसणं ताईंना जमत नाही. पळवून नेलेली बाई डाळिंब्या सोलते का, अशी शंका शूटिंगवाल्यांनी काढली. भाऊजींनी क्षणभर विचार केला. "सोलू दे. कैदेत असली तरी गृहिणी आहे."

भाऊजी लाथेने दार उघडून आत आले. आमच्या ह्यांनी गरजायचं होतं, 'आओ शेर, आज तेरी मौत आयी है!' हे म्हणाले, "आओ शेर... बसो." सवय, दुसरं काय? घरी कोणी आलं की हे आधी बसाच म्हणतात. ते तीनदा घ्यावं लागलं. त्यानंतर भाऊजींनी म्हटलेलं वाक्य मला झोपेतही आठवतं, "तू मेरे बायको को इधर लाया, अब मैं तेरे को सोडेगा नहीं!" शिष्य एकेक करून पडले. काहींना लाथ लागायच्या आधीच पडायची घाई झाली होती. मग भाऊजी प्लास्टिकच्या दाण्यांच्या पोत्यांवर चढले. तिथून उडी मारून त्यांनी आमच्या ह्यांच्या छातीवर लाथ घालायची, असं ठरलं होतं. मी चहाचा थर्मास धरून उभी होते. "भाऊजी, फार उंच आहे," म्हटलं. "वहिनी, फ्रेममधून बाहेर व्हा," ते म्हणाले.

'हा!' असा आवाज आला आणि भाऊजी खरोखरच हवेत गेले. आमचे हे घाबरले आणि त्यांना झेलायला दोन्ही हात पुढे करून धावले. ते हात भाऊजींच्या कमरेला लागले, भाऊजी तिरके झाले, एका बादलीत पाय गेला आणि ते धाडकन फरशीवर पडले. पडल्यावर हललेच नाहीत.

ताईंना दिसलं ते इतकंच, की भावाने हात पुढे केले आणि नवरा पडला. त्या उठल्या. परात उडाली, डाळिंब्या सगळीकडे पसरल्या. त्या धावत आल्या आणि आमच्या ह्यांच्या थोबाडीत अशी वाजवली की काळा चष्मा बादल्यांच्या मागे जाऊन पडला. "मेल्या, ढकललंस त्यांना? लाज नाही वाटत?" हे म्हणाले, "अगं ताई, झेलत होतो!" पण ऐकायला कोण होतं? हाताला लागली ती बादली घेऊन ताईंनी भावाला दारापर्यंत पळवलं. शिष्यही पळाले. एवढ्या दिवसांच्या शूटिंगमध्ये खरा असा मार तेवढाच बसला, आणि तोही मराठीत.

शूटिंगवाले तसूभरही हलले नाहीत. नवरीची पाठवणी टिपणारा माणूस रडारडीने विचलित होत नाही. त्यांनी सगळं घेतलं.

भाऊजींचा गुडघा गेला होता. प्लास्टर चढलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की उड्या आता कायमच्या बंद. पण सोसायटीच्या दारात मोठा बोर्ड आधीच लागला होता, वार्षिक पूजेच्या दिवशी संध्याकाळी आवारात 'सातिवली का शेर' दाखवणार म्हणून. शूटिंगवाले पलंगापाशी येऊन म्हणाले, "साहेब, शेवट मस्त आलाय. बघता का?" भाऊजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नाही बघायचं. मी हवेत असतानाच थांबवा. शेर हवेत, आणि समाप्त." शूटिंगवाल्यांनी मान डोलावली.

पूजेच्या दिवशी आवारात पांढरा पडदा लावला. पुढच्या रांगेत भाऊजी, पाय स्टुलावर. शेजारी ताई. त्यांच्या मागच्या खुर्चीवर मी, आणि माझ्या बाजूला गाल चोळत आमचे हे. सिनेमा सुरू झाला आणि भाऊजींच्या पहिल्या एन्ट्रीला पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. शूटिंगवाल्यांच्या मशीनमध्ये तेच होतं. लोक हसायला लागले. सुरुवातीला भाऊजी मागे वळून 'शू' करत होते. केळ पडली तेव्हा पोरं खुर्च्यांवरून खाली आली. 'बायको को' ला टाळ्या पडल्या. डाळिंब्यांची परात दिसली तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरच्यांना हसून हसून धाप लागली. भाऊजींनी मागे वळणं सोडून दिलं. मला त्यांची फक्त मान दिसत होती. ती ताठ होती आणि कान लाल झाले होते. ह्या माणसाने खरंच ह्यात एकही विनोद घातला नव्हता.

शेर हवेत गेला. थांबला नाही. पाठवणी कापायची नाही, हा शूटिंगवाल्यांचा नियम असावा. शेर पडला, बादली घरंगळत गेली, आणि लोक इतके हसले की पडदा हलायचाच बाकी राहिला. मग ताई उठल्या. थोबाडीत बसली तेव्हा शिट्ट्या वाजल्या. हे दारातून पळाले तेव्हा लोक उभे राहिले. त्यानंतर पडद्यावर ताई मागे फिरल्या, फरशीवर बसल्या आणि भाऊजींचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. पदराने त्यांचं कपाळ पुसता पुसता त्या ओरडत होत्या, "पाणी आणा कोणीतरी! अहो... अहो, बघा ना इकडे!" तो आवाज ऐकून हसणं थोडं थोडं कमी होत गेलं आणि मग थांबलं. पडद्याच्या कडांनी लाल बदाम आला, लहान लहान होत त्या दोघांवर मिटला, आणि समाप्त.

सेक्रेटरी माइक घेऊन पुढे आले. "अहो, ऍक्शन सिनेमा म्हणाला होतात तुम्ही." सगळं आवार भाऊजींच्या तोंडाकडे बघत होतं. ताईंनी त्यांचा हात धरला होता, तो तसाच ठेवून भाऊजी काठीवर उभे राहिले. "ऍक्शन-कॉमेडी," ते म्हणाले. "कॉमेडी जरा उशिरा सुचली." टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या.

प्लास्टर निघाल्यावर ते काही दिवस सांडोरला विश्रांतीला होते. एका दुपारी मी चहा घेऊन पडवीत गेले, तर भाऊजी फोनमध्ये सिनेमा बघत होते. आवाज बंद. तो शेवटचा तुकडाच होता. ताई उठतात, धावत येतात. त्यांनी अंगठ्याने मागे घेतलं. ताई उठतात, धावत येतात. पुन्हा मागे. स्वतःची उडी ते बघतच नव्हते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, पण त्यांनीच आधी वर पाहिलं.

"पडलो तेव्हा माझे डोळे मिटले होते, वहिनी. ही अशी धावत आली, हे मला दिसलंच नव्हतं."

ताई वाडीत पानं कापत होत्या. केळींमधून त्यांची साडी मधूनमधून दिसत होती. भाऊजी तिकडे बघत राहिले, आणि फोनचा उजेड हातातल्या हातात विझला.

"हे कोणी टिपून ठेवलंच नसतं, तर मला कळलं असतं का हो?" ते म्हणाले.

मी चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला.