घड्याळाची सुट्टी

चंद्रहास हात धुताना घड्याळ काढून ठेवायचा. यात काही विशेष नाही, बरेच लोक काढतात. पण चंद्याकडची सगळी घड्याळं समुद्रात बुडी मारणाऱ्यांची, दोनशे मीटर खोल समुद्रातही चालतील अशी. पेंडल हिलच्या स्वयंपाकघरात नळाखाली हात नेण्याआधी तो ती काढून फ्रीजवर ठेवायचा. मी देवगडची, समुद्राच्या अंगणात वाढलेली. हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आमची ओळख इथे परदेशात शिकायला आलो तेव्हापासूनची, एकाच युनीत. आता तो ब्लॅकटाउनच्या एका कंपनीत कोल्डरूम दुरुस्त करतो. कुठल्या दाराच्या रबरातून गार हवा गळते ते शोधायचं, हे त्याचं काम. घरी आला की घड्याळं. एक नवीन आलं की जुन्यातलं एक जाणार, हा नियम त्याने स्वतःच घालून घेतलेला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. गाढवाला गुळाची चव काय, असं तो तोंडावर म्हणायचा.

एकदा भर दुपारी त्याने मला डोक्यावरून रजई घेऊन बसायला लावलं. हातात एक घड्याळ दिलं. त्याची बायको मिताली बाहेरून हसत होती. रजईच्या आत अंधार झाला आणि तबकडीवरचे ठिपके हिरवे उजळले. सेकंदकाटा त्या उजेडात न थांबता, न अडखळता सरकत होता. सेल नाही, वायर नाही. मनगट हललं की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते, एवढ्यावर हे सगळं चाललेलं. मी रजईबाहेर आले तेव्हा काहीतरी खोचक बोलायचं ठरवलं होतं. त्याऐवजी रजई पुन्हा डोक्यावर ओढली.

घड्याळ विकलं तरी तो कधी पोस्टाने पाठवायचा नाही. वेंटवर्थव्हिलच्या एखाद्या हॉटेलात घेणाऱ्याला बोलवायचा, त्याला चहा पाजायचा आणि स्वतःच्या हाताने त्याच्या मनगटावर पट्टा बांधायचा. वर सांगायचा, "संभालके रखना, भाई." मुलीची पाठवणी करतोस की काय, म्हणून मी चिडवायचे. तो चिडायचा नाही.

नेव्हिलची घड्याळ विकायची जाहिरात त्याने अशीच कुठल्यातरी ग्रुपवर बघितली. नेव्हिल माट्राव्हिलला राहणारा म्हातारा. आयुष्यभर धक्क्यांखाली आणि जहाजांच्या पोटाखाली उतरून दुरुस्त्या केलेला खराखुरा पाणबुड्या. आता कान अर्धे गेले होते आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरायला बंदी केली होती. समुद्रातलं काही विचारलं तर सांभाळून घे, म्हणून चंद्याने मला सोबत नेलं.

नेव्हिलने घड्याळ टेबलावर ठेवलं. काचेवर ओरखडे, काचेभोवतीच्या फिरत्या कड्याचा रंग उडालेला. चंद्या खुर्चीतून उठून उभा राहिला. देवळात घंटा वाजल्यावर माणूस उठतो तसा.

"कुठे डाइव्ह करतोस?" नेव्हिलने विचारलं.

"मला पोहता येत नाही," चंद्या म्हणाला.

नेव्हिल खोकला येईपर्यंत हसला. मग त्याने घड्याळ उचलून शर्टाच्या खिशात टाकलं. घड्याळाला तो 'ती' म्हणायचा, बोटीला म्हणतात तसं. "मग तिला घेऊन तू जाणार कुठे, मेट? शिकून ये."

परतताना गाडीत चंद्या म्हणाला, "चित्रा, बार्शीला सगळ्या पोरांना पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे. तसंच शिकायचे सगळे. माझ्या पाठीला डबा बांधला, आणि मी डब्यासकट घरी पळालो. आख्खी गल्ली हसली यार." मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा बघून ते गिळलं.

त्यानंतर तो खरंच शिकायला लागला. शनिवारी सकाळी जवळच्या पूलमध्ये, त्याच्या कमरेएवढ्या पोरांच्या शेजारी, हा बाप्या काठ घट्ट धरून पाय मारायचा. सुरुवातीला महिनोन्महिने तोंड पाण्याखाली जायचं नाही. बाहेर आला की ओठ निळे. मी एकदा बघायला गेले आणि पुन्हा त्याची चेष्टा करायची नाही असा कानाला खडा लावला. समुद्र मला फुकट मिळाला होता. हा माणूस तो एकेक घोट पाणी गिळत कमावत होता.

दोन उन्हाळे गेले. एका सप्टेंबरात तो नेव्हिलकडे गेला आणि म्हणाला, "आलो शिकून." नेव्हिलने खिशातून घड्याळ काढून दिलं. "आधी तिला खाली ने. विकायचं की नाही ते मग बघू."

त्या वर्षी दसरा शनिवारी आला होता. चंद्याने तोच दिवस ठरवला. "दसऱ्याला सीमोल्लंघन करतात ना? माझी सीमा तिथेच आहे, क्लोव्हेलीला समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्यांवर."

आता आदल्या दिवसाचं सांगायला हवं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. चंद्याच्या वडिलांचं बार्शीत पंप दुरुस्तीचं दुकान. त्या दिवशी पाने, हातोडे धुऊन मांडायचे, हळदकुंकू लावायचं आणि मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, त्यांना एक दिवस विसावा. चंद्या इथे आपली घड्याळं मांडायचा. चालू घड्याळाला विसावा कसा द्यायचा? तर बाजूची चावी ओढून काटे थांबवायचे. त्या वर्षी त्याने नेव्हिलचं घड्याळ मधोमध ठेवलं, कड्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि चावी ओढून त्यालाही सुट्टी दिली.

दसऱ्याच्या सकाळी त्याने फोनमध्ये बघून एकेक घड्याळ लावलं. नेव्हिलचं शेवटी. खालून मिताली ओरडली, "चंद्रहास, पार्किंग मिळणार नाही हां!" त्याने चावी आत दाबली. काटे चालू झाले. पण ही चावी नुसती दाबून भागत नाही; बाटलीच्या झाकणासारखी आट्यांवर फिरवून घट्ट करावी लागते, तरच पाणी अडतं. आयुष्यभर लोकांच्या दारांची गळती शोधणारा माणूस नमस्कार करून उठला आणि तेवढं विसरला.

क्लोव्हेलीला पाणी गार होतं. मिताली पुऱ्यांचा डबा घेऊन काँक्रीटवर बसली. चंद्या पायऱ्यांवर इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं, आता हा डब्यासकट पळणार. मग त्याने मनगटाकडे बघितलं आणि उतरला.

मी शेजारीच होते. मास्कमधून त्याचे डोळे दिसत होते. पहिल्यांदा नुसतं हिरवं पाणी, मग खडकांवर डुलणारं शेवाळ, मग चांदीच्या छोट्या माशांचा थवा, एकदम वळणारा. आणि मग खडकाच्या कपारीतून एक निळा ग्रोपर आला. मी देवगडचे सगळे मासे ओळखते, पण असा निळा रंग बाजारात कधी मांडलेला बघितला नव्हता. लहान पोराएवढा मासा. घाई नाही, भीती नाही. तो थेट चंद्याच्या समोर येऊन थांबला आणि आपला बारका डोळा फिरवून त्याच्याकडे बघत राहिला. चंद्याने हात पुढे केला नाही. पायही मारले नाहीत. तो पाण्यावर नुसता पालथा पडून होता, ज्याला आयुष्यभर घाबरला त्याच्यावर सगळं अंग टाकून. माझ्या मास्कमध्ये पाणी आलं. ते समुद्राचं नव्हतं, हे कबूल करायला मला लाज नाही.

वर आलो तेव्हा तो हसत होता. मग त्याने वेळ बघायला मनगट वळवलं. काचेच्या आत पाणी होतं, हात हलवला की तबकडीवर डुचमळत होतं. काटे थांबलेले.

माणसाच्या तोंडावरून हसू इतक्या लवकर उतरलेलं मी बघितलेलं नाही. "चावी," एवढंच तो म्हणाला आणि ती बोटांनी चाचपू लागला. नेव्हिलने सगळं आयुष्य ते पाण्यात वापरलं, थेंब आत गेला नाही. याने एका सकाळीत बुडवलं, आणि तेही पूजा करून.

फोन मी लावला आणि त्याला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात सांगितलं. मला वाटलं, नेव्हिल ओरडेल. तो म्हणाला, "पुसू नका. उन्हात ठेवू नका. गोड्या पाण्यात बुडवा, अख्खी बुडवा आणि घेऊन या. मिठाने खाल्लं तर संपली ती."

मितालीने पुऱ्या टॉवेलवर ओतल्या, पिण्याच्या बाटल्या डब्यात रिकाम्या केल्या, आणि घड्याळ त्यात सोडलं. माट्राव्हिलपर्यंत चंद्या तो स्टीलचा डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसला होता. वळणावर पाणी हिंदकळलं की तो नेव्हिलची माफी कशी मागायची ते पुटपुटायचा.

नेव्हिलने डब्यात हात घातला, घड्याळ काढलं, मागचं झाकण उघडलं आणि आतलं पाणी बशीत ओतलं. चंद्या म्हणाला, "माझ्याकडची सगळी घड्याळं घे. हवी ती घे. मी चावी आवळायला विसरलो."

"चावी उघडी कशाला होती?"

चंद्याने खंडेनवमी सांगितली. पाने, हातोडे, वडिलांचं दुकान, एक दिवसाचा विसावा. इंग्रजीत ते सगळं फार विचित्र ऐकू येत होतं. नेव्हिलचं लक्ष कड्यावरच्या खाचेकडे होतं. तिथे कुंकू अजून चिकटून होतं. त्याने अंगठा नेला आणि न पुसताच परत घेतला.

"तिला सुट्टी दिलीस," तो म्हणाला. "मला कधी सुचलं नाही." मग त्याने विचारलं, "खाली काय दिसलं?"

चंद्याने आधी शेवाळ सांगितलं, मग चांदीचे मासे. ग्रोपरपाशी आला तेव्हा खुर्चीतून उठला आणि हातांनी त्याची लांबी दाखवू लागला. तो डोळा कसा फिरला, तो किती जवळ आला, निळा म्हणजे किती निळा. नेव्हिल टेबलावर पुढे वाकला. त्याचे कान गेलेले, म्हणून चंद्या मोठ्याने सांगत होता, आणि म्हातारा पुन्हापुन्हा म्हणत होता, "अजून आहे तो? अजून आहे तिथे?"

इतकी वर्षं जिथे रोज जाणं होतं तिथली बातमी त्याला कोणी आणून दिली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. घड्याळाचं गिऱ्हाईक तो शोधतच नव्हता.

नेव्हिलने झाकण परत बसवलं. यंत्र दुरुस्त होईल की नाही ते घड्याळजी सांगेल, म्हणाला. चावी आत दाबली आणि सावकाश, चंद्याला दिसेल अशी, एकेक आटा फिरवून घट्ट केली. मग त्याने चंद्याचा हात ओढून घेतला आणि ते बंद, ओलं घड्याळ त्याच्या मनगटावर स्वतःच्या जाड बोटांनी बांधलं.

दरवेळी घेणाऱ्याला काहीतरी सांगणारा आमचा चंद्या खाली मान घालून उभा होता.

"पुढच्या रविवारी पुन्हा जा," नेव्हिल म्हणाला. "आणि येऊन मला सांग."