स्पिनकलायच्या पाटातली ठेव

लोगरच्या खोऱ्यात स्पिनकलाय गावाला पाणी पाजणारा माणूस म्हणजे उस्ताद तोरगुल. पाणी देणारा अल्ला. पण डोंगराच्या पोटातले ते पाणी गावाच्या ओंजळीत आणायचे, तर कुणालातरी अंधारात सरपटावे लागते, आणि ते भाग्य तोरगुलच्या घराण्याचे. दोन कोस जमिनीखालून येणारा तो पाट त्याच्या पणजोबाने खणला होता. वर विहिरींसारख्या तोंडांची रांग, खाली काळोख, आणि काळोखात दिवा घेऊन गाळ उपसणारा तोरगुल. नमाज पढून तो खाली उतरे, पाण्यात हात बुडवी आणि लेकराशी बोलावे तसा म्हणे, "आलो रे बाबा, आलो."

देशात रशियाची फौज होती. एका दुपारी नादेर आला. याच खोऱ्यातला पोरगा, आता दोनशे बंडखोरांचा कमांडर. मागे खेचरे, खेचरांवर हिरव्या पेट्या, आणि पेट्या देणारा एक गोरा पाहुणा. गोऱ्याने तोरगुलच्या पाठीवर थाप मारली, हसून काही बोलला.

"काय म्हणतोय हा?"

"म्हणतोय, तुम्ही त्याचे शूर मित्र आहात, काका."

"मित्र? माझं नाव तरी ठाऊक आहे का याला? आधी चहा पिऊ दे त्याला, मैत्रीचं मागाहून बघू."

सगळे हसले. मग नादेर हळू आवाजात म्हणाला, "काका, पाटाची ती कोरडी शाखा आहे ना, तिथं राहू द्या या पेट्या. तुमच्याकडे अमानत. माझ्याशिवाय कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत."

तोरगुलने 'कबूल' म्हणून डोळ्यांवर हात ठेवला. पश्तूनाने ठेव स्वीकारली की ती उघडायची नाही, तिच्याविषयी विचारायचे नाही. ज्याची त्याला परत करायची.

रशियन गेले. गोरेही गेले, पाठीवर थाप मारणाऱ्याचा साधा निरोपसुद्धा आला नाही. राहिल्या त्या पेट्या. आता नादेरचे वैर जुंपले शेजारच्या शेरदिल कमांडरशी, रस्त्यावरच्या नाक्यासाठी. आणि शेरदिलजवळही त्याच गोऱ्यांनी दिलेल्या, तशाच पेट्या होत्या.

गावाची जिर्गा, म्हणजे पंचायत, बसली. वडीलधारे हाजी बुरहान म्हणाले, "उस्ताद, त्या शाखेचे दोन टेकू काढ. छत बसेल, पेट्या गाडल्या जातील. कुणाला कळतंय?"

"मला कळेल, हाजीसाहेब."

"अरे, शत्रू गेला! आता नादेर ही रॉकेटं डागणार कुणावर? तुझ्या-माझ्या छपरावरच ना?"

"मी जबान दिलीय."

घरी त्याची बायको बख्तावरा कणीक तिंबत होती. तिने मान वर केली नाही. "जबान! नादेरच्या पेट्या तेवढ्या अमानत, आणि पाणी काय माझ्या बापानं आंदण दिलं होतं? सगळ्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या हाती ठेवलंय ते. कुठली ठेव आधीची, तेवढं सांगा."

तोरगुलने दिव्यात तेल भरले.

पहाटे तो कोरड्या शाखेत उतरला. टेकूला खांदा लावला. एका धक्क्याचे काम. पण ज्या घराण्याने आजवर कुणाची सुईसुद्धा दडवली नाही, त्या घराण्याचा खांदा पुढे सरकेना. तो तिथेच गुडघ्यांवर बसला, रडला, अल्लाला हाका मारल्या, आणि रित्या हातांनी वर आला.

दुसऱ्याच दिवशी नादेरने पेट्या नेल्या. "काका, तुमच्यासारखा माणूस नाही," म्हणून त्याने हाताचे चुंबन घेतले. आणि रॉकेटे कुठे मांडली? पाटाच्या तोंडांभोवती उपसलेल्या मातीचे जे ढिगारे होते, त्यांच्या आडोशाला! शेरदिलची रॉकेटे उत्तरादाखल तिथेच कोसळत राहिली, तीन दिवस.

चौथ्या दिवशी पाणी गढूळ झाले, मग करंगळीएवढे, दुपारी थांबले.

तोरगुल आत शिरला. बरेच अंतर गेल्यावर छत बसलेले. त्याने मातीला कान लावला. पलीकडे पाणी वाहत होते. वाहत होते, पण खाली, भलत्याच बाजूला. आयुष्यभर ज्याची पावले ओळखली, ते पाणी त्याच्याकडे पाठ करून चालले होते.

वर सारा गाव उभा होता. "किती दिवस लागतील, उस्ताद?"

"दिवसांचं नाही राहिलं आता," तो म्हणाला. "पाणी वळलंय. सामान बांधा."

कुणी शिवी दिली असती तर तेवढेच ओझे हलके झाले असते. कुणी दिली नाही. हाजी बुरहान गाढवाची दोरी धरून सरहद्दीच्या वाटेला लागले, मागोमाग सारा गाव.

सोडून दिलेल्या पाटाची तोंडे झाकावी लागतात, नाहीतर गुरे पडतात. तोरगुल पहिल्या तोंडाशी शिळा ढकलत होता, ती हलेना. बख्तावरा आली. तिने शिळेचे एक टोक धरले, त्याने दुसरे.