पाइपांवरचं कुंकू

पंढरीनाथ मूळचा बाळापूरकडचा. जत्रेजत्रेतून आकाशपाळणा फिरवत फिरवत जयपुरात येऊन टेकला अन् शहराबाहेरच्या मोठ्या पार्कात पाळण्यावरच चिकटला. बिऱ्हाड शास्त्री नगरात केलं, पण बोली काही सोडली नाही. हिंदी बोलला तरी ती वऱ्हाडातून निघून आल्यासारखीच.

दोन हजार सहाची खंडेनवमी आली. पाळण्याला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. मॅनेजर नंदकिशोरजी तो भंगारात घालायच्या गोष्टी करत होते. पंढरीनाथानं तरी रिवाजाप्रमाणे मोटर पुसली, पान्यांना कुंकू लावलं, झेंडूची माळ चढवली. थोडं कुंकू अन् एक माळ उरली. कुंपणामागं आदल्याच दिवशी कुठूनसे जाडजूड पाइप येऊन पडले होते. लोखंड ते लोखंड, त्याला काहून वगळायचं? पाइपांचीही पूजा केली, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं अन् विसरून गेला.

दसरा झाला अन् तिकीटवाल्यानं गाठलं. "पंढरीजी, भूमिपूजन हो गया! रोलर कोस्टर आ रहा है ना?"

"कहाँ?"

"आपके झूले की जगह, और कहाँ!"

मग तर ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. आइस्क्रीमवाला म्हणे, माणसं उलटी लटकवणारा येतोय. वॉचमन म्हणे, थेट जपानचा.

घरी बायको इंदुबाई म्हणाली, "अवो, पाइपाईची पूजा तं तुमीच केली ना?"

"म्या हत्याराची केली वं!"

"मंग भूमिपूजन कोनं केलं?"

"तेच तं समजून नाही राह्यलं. माह्या मांगं कोनी केलं असन."

"एकाच पाइपाची दोनदा पूजा? बावा, पाळण्यासंगं तुमचं डोस्कंही फिरलं."

सकाळी तो मॅनेजरपुढं उभा राहिला. "साब, मेरा झूला निकाल रहे क्या?"

"मुझसे क्या पूछते हो? पूजा आपने की. मालिक ने आप ही को बताया होगा!"

मालक दिल्लीला. तो फोनवर मॅनेजरलाच विचारत होता की माझ्या पार्कात रोलर कोस्टर कोण आणतोय.

रविवारी पार्कात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणामागचं काम खालून दिसेना, म्हणून लोक पाळण्यात बसून वरून पाहू लागले. रांग फाटकापर्यंत गेली. वरून दिसत होते पाइप अन् सुकलेली माळ. उतरणारा चढणाऱ्याला सांगत होता, "काम ज़ोरों पर है."

तेवढ्यात एक ट्रक आला. पाण्याच्या लाइनीचे पाइप चुकून इथं उतरले, घेऊन जातो, म्हणाला ड्रायव्हर. नंदकिशोरजींनी रांगेकडं पाहिलं, ट्रककडं पाहिलं. ड्रायव्हरला म्हणाले, "दिवाली बाद आना." मग पंढरीनाथाच्या कानाशी लागले, "झूला यहीं रहेगा. बस, पाइप पर ताज़ी माला डालते रहना."

"मतलब, रोलर कोस्टर आता है के नहीं?"

"किसी ने पूछा, तो आपको कुछ नहीं मालूम."

तेवढं मात्र खरं होतं. पंढरीनाथ दोन माळा घेऊन आला. लहान माळ पाइपांना घातली, मोठी पाळण्याला.