मनवर सरांनी मागितलेली दोन मिनिटं

फोन शाळेच्या शिपायाचा होता. सकाळचे साडेनऊ वाजले असतील, मी ओट्यावर तुरीची डाळ पाखडत बसले होते. "बाई, मनवर सर गेले," गजानन म्हणाला. "चहा पेता पेताच गेले म्हंतेत." मी काही बोलायच्या आत त्यानं पुढचं काम सांगितलं, "दोन शब्द लिहून द्या ना बाई, फ्लेक्सवर टाकाचे हायेत. छापणारा थांबून राह्यला." कळंबात कुणाचा सत्कार असो, बदली असो की मयत, दोन शब्द माझ्याकडूनच जातात. तीस वर्षं मराठी शिकवल्याचं हे वरचं पेन्शन. पण त्या दिवशी पेन घेऊन बसले आणि 'भावपूर्ण' या शब्दाच्या पुढे जाता येईना. गजाननचे चार फोन येऊन गेले. शेवटी त्यानं कंटाळून आपल्याच मनानं 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' असं छापून घेतलं. मनवर सर हसतमुख कधीच नव्हते, पण चौकात फ्लेक्स लागला तो तसाच. त्याला आता पाच आठवडे झाले. तेव्हा जे लिहायचं राहिलं ते आज लिहायला बसले आहे, आणि ते दोन शब्दांत मावणारं नाही हेही मला ठाऊक आहे.

सर विज्ञान शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं टेबल माझ्या टेबलासमोर, सव्वीस वर्षं. सकाळी आले की सायकलचं कुलूप टेबलावर ठेवून विचारायचे, "काय म्हणते मराठी?" मी म्हणायची, "मराठी मजेत आहे, विज्ञानाचं सांगा." हा आमचा नमस्कार. मी वर्गात चांदण्यावरची कविता शिकवून आले की ते मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "पोरायले सांगा बाई, चंद्रावर हवा नाही, पाणी नाही, अन् उजेडही उसना हाय." मग मीही सोडायची नाही. एकदा सातवीच्या पोरांना ते चंद्रावरचं वजन समजावत होते. मी दारातून जाताना दिसले, तर म्हणाले, "पाहा, आपल्या बाई चंद्रावर गेल्या तं दहा-अकरा किलो भरतीन." मी दारातूनच म्हटलं, "अन् तुमची बडबड सर? ती तिथंही तेवढीच भरन." पोरं बाकं बडवून हसली. सर हसले नाहीत, फळ्याकडे वळले. पण खांदे हलत होते ते मला दिसलं. माझे यजमान गेले त्या वर्षी मी शाळेत कुणाशी बोलत नसे. तेव्हा रोज मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर सोललेली संत्र्याची फोड असायची. कुणी ठेवली हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्या रशियाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांचं गाव कळंबपासून आठ-दहा मैल आत. बौद्धपुऱ्यातलं घर, आई-वडील दोघंही दुसऱ्यांच्या वावरात. दीक्षेनंतर घरातले देव गेले आणि त्या जागी, सर सांगायचे, बापानं पुस्तक ठेवायचं ठरवलं. पण घरात पुस्तकच नव्हतं. मग यवतमाळच्या वसतिगृहात असताना पुस्तकांनी भरलेली एक गाडी आली, रशियात छापलेली, जाड गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं. वक्तृत्वात पहिला आल्याबद्दल त्यांना त्यातलंच एक मिळालं. त्यात चंद्रावर चालणाऱ्या आठ चाकांच्या गाडीचं चित्र होतं. आत माणूस नाही, ड्रायव्हर खाली रशियात बसलेला. ते पुस्तक घरी नेऊन त्यांनी त्या रिकाम्या जागी ठेवलं. गावात वीज नव्हती तेव्हाची ही गोष्ट. "बाई, मले चंद्र कोणं सांगतला?" ते म्हणायचे. "गावानं सांगतला नाही, शाळेनंही नाही. रशियानं सांगतला. अन् तोही मराठीत!" रशियाचं राजकारण त्यांना फारसं माहीत नव्हतं, आणि पुढे जे कळलं त्यातलं बरंचसं आवडलंही नाही. पण पहिल्यांदा अक्षर गिरवून घेणाऱ्या मास्तराचा माणूस जसा कायमचा ऋणी राहतो, तसे ते त्या देशाचे होते.

दोन वर्षांपूर्वी आपलं यान चंद्राकडे निघालं तेव्हा आम्ही दोघंही निवृत्त होतो. सकाळी वाचनालयात भेट व्हायची. सरांनी वहीत यानाचा मार्ग काढला होता आणि रोज पेन्सिलीनं पुढे सरकवायचे. अशात रशियाचंही यान निघालं. आपल्या मागून निघालेलं, पण आपल्या आधी पोचणार होतं. झालं, सगळा गाव पेटला. पानठेल्यावर लोक असे बोलत होते की जणू कुणी बसमध्ये रुमाल टाकून आपली सीट धरली आहे. "हे मधातच कायले घुसले?" सर बिचारे समजावत, "त्यायचं रॉकेट मोठं हाय भाऊ, म्हणून लवकर पोचते. घुसले नाहीत." त्यावर पानठेलेवाला म्हणाला, "सर, तुमी कोणाकडून?" सगळे हसले. सरही हसल्यासारखं करून निघून आले. आणि मग रशियाचं यान पडलं. पानठेल्यावर पेढे वाटले गेले... खरंच वाटले, सरांच्याही हातावर एक ठेवला. त्यांनी तो पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला. आणि मी काय केलं? मी चारोळी केली. पुरती चार ओळींचीही नव्हती, दोनच: 'मागून येऊन पुढे निघाला, तोंडघशी मग खाली पडला!' निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली आणि हसणारी तोंडं मोजत बसले. दुसऱ्या दिवशी वाचनालयात सर म्हणाले, "यमक चांगलं हाय बाई." मग वहीतल्या मार्गावर पेन्सिल पुढे सरकवली. "चार वर्षांआधी आपलं पडलं होतं. तवा तुम्ही दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या." एवढंच बोलले. मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली, पण मला लाज वाटली की ती रागासारखीच बाहेर येते.

आपलं यान उतरायच्या संध्याकाळी शाळेच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. दोनअडीचशे माणसं, खाली सतरंज्यांवर पोरं, मागे खुर्च्या, दाराबाहेर फटाक्यांची लड अंथरून ठेवलेली. सूत्रसंचालन अर्थात माझं. हिरवी पैठणी नेसले होते. पडद्यावरचा आकडा खाली खाली येत गेला, आणि उतरलं! मी तिथं कोण कोणाला मिठ्या मारत होतं ते सांगू शकत नाही, कारण मीच रडत होते. सर तर लहान मुलासारखे रडत होते. त्यांनी गजाननला उचलायचाच प्रयत्न केला. तेवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मग मी माईकवर त्यांचं नाव पुकारलं. विज्ञानाचे ज्येष्ठ शिक्षक, दोन शब्द बोलतील.

ते छान बोलायला लागले. पोरांना कळेल असं, साधं. टाळ्या पडत होत्या. आणि मग थांबून म्हणाले, "एक गोष्ट अजून. आपल्या गावात कोणाच्या घरी मयत झाली असन, तं आपली वरात आपण त्याच्या दारावरून वाजवत नेत नाही. ब्यांड बंद करतो. मुकी नेतो वरात. दुश्मन असला तरी. चार दिवसांआधी एका घरचं यान पडलं. ते लोकं कैक वर्ष राबले असतीन. आपण आता फटाके फोडूच, फोडलेच पाह्यजे. पण त्याच्याआधी दोन मिनिटं उभं राहून..." पुढचं ऐकूच आलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ रशिया!" दुसरा म्हणाला, "मंग तिकडंच जा नं!" पोरं कावरीबावरी होऊन मागे पाहायला लागली. उभं कुणीच राहिलं नाही. सर हातात माईक धरून तसेच थांबले होते, लोक शांत होतील म्हणून. वर्गात थांबायचे तसे. मी चार पावलं चालत गेले, "सर, वेळ कमी आहे" म्हणाले आणि त्यांच्या हातातला माईक काढून घेतला. आणि ओरडले, "भारतमाता की..." अख्खं सभागृह ताडकन उभं राहिलं. इतक्या जोराचा 'जय' मी आयुष्यात ऐकला नाही. खाली उतरले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सांभाळलं तुम्ही."

मी स्वतःला हेच सांगत आले, की मी सरांना सांभाळलं, नाहीतर कुणी अंगावर आलं असतं. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की माझा कार्यक्रम बिघडत होता. आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला हात जड होतो. तेच वाक्य मी म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, बाई हळव्या आहेत. सरांना मात्र विचारलं गेलं की तुम्ही कोणाचे. बौद्धपुऱ्यातून आलेल्या माणसाला देशावरचं प्रेम दर वेळी नव्यानं सिद्ध करावं लागतं. माझ्याकडे तो पुरावा कधी कुणी मागितला नाही. हे मला त्या चार पावलांतही कळत होतं. कुणीतरी त्यांच्या बोलण्याचा तेवढाच तुकडा फोनवर टिपला होता, तो गावभर फिरला. मलाही तीन-चार जणांनी पाठवला. मी न बघताच पुसून टाकला. सर 'रशिया सर' झाले. शिकवलेली पोरंसुद्धा म्हणायला लागली.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते वाचनालयात येत राहिले, पण 'काय म्हणते मराठी?' बंद झालं. "नमस्कार बाई" म्हणायचे आणि खिडकीजवळच्या बाकावर बसायचे. तिकडे चंद्रावर रात्र झाली, आपलं यान झोपवलं गेलं, आणि उजाडल्यावर ते उठेल की नाही याची वाट पाहणं सुरू झालं. वाट पाहणारे कळंबात किती असतील? पेढे वाटणाऱ्यांपैकी तरी कुणी नव्हतं. सर एकटेच रोज सगळे पेपर उलटेपालटे करायचे. एकदा पेपर खाली ठेवून ते म्हणाले, "उठलं नाही वाटते अजून." वाचनालयात आम्ही दोघंच होतो. ते मलाच म्हणाले होते, दुसरं कुणी नव्हतंच. 'उठेल सर' एवढं म्हणायचं होतं. मी पान उलटलं. त्यानंतर ते हळूहळू यायचे बंद झाले. मी आज जाईन, उद्या जाईन, दिवाळी झाली की जाईन, असं करत दोन वर्षं काढली. त्यांचं घर माझ्या घरापासून सहा मिनिटांवर आहे.

परवा रविवारी गेले. शुभांगी, त्यांची मुलगी, यवतमाळला नर्स आहे. खोली आवरायला आली होती. माझीच विद्यार्थिनी. "या नं बाई," म्हणाली आणि सरांच्या खाटेवरचे कपडे सरकवून मला जागा करून दिली. मी काय बोलायचं ते वाटेत जुळवून आणलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी म्हटलं, "शुभा, मी त्यांची माफी मागायची राहिले गं." ती म्हणाली, "बाबाले तुमचा राग नव्हता बाई." शोकाच्या घरी असं म्हणतात, मीही म्हटलेलं आहे, म्हणून मी नुसती मान हलवली. तिला ते कळलं असावं. तिनं फडताळातून सरांचा फोन काढला. "त्या दिवशी मी समोरच बसली होती. बाबाचं भाषण पुरं घेतलं होतं मी, गावात फिरला तो नुसता तुकडा हाय. हे बाबा सारखं लावत. मी म्हणे, कायले पाहता? तं म्हणत, 'पाह्य शुभे, मी म्हणलं उभं राहा, तं एकही उठला नाही. बाईनं एका हाकेत सगळे उभे केले. मी त्यातच आपले दोन मिनिटं धरून घेतले.'"

ती फीत आता माझ्या फोनवर आहे. घरात कुणी नसतं, तरी मी आवाज बंद करूनच लावते. माझी हिरवी पैठणी दिसते, माझा वर गेलेला हात दिसतो, उघडं तोंड दिसतं. समोर सगळी माणसं उभी, मुठी वळलेल्या, पोरं उड्या मारताहेत. आणि कडेला, माईक गेलेल्या जागीच, सर उभे आहेत. हात पुढे जुळवलेले, मान खाली. घोषणा चालल्या तेवढा वेळ ते हललेले नाहीत. मी घड्याळ लावून पाहिलं, तो वेळ दोन मिनिटांपेक्षा थोडा कमीच भरतो. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर आहे, आणि माझी पाठ त्यांच्याकडे आहे.