परसोंचा घोडा

एका घोड्यापायी मी शेजारणीच्या देवालाच खोटं ठरवायला निघाले होते, इतकी मी शहाणी! आम्ही पुण्याहून हैदराबादच्या मलकपेठेत नुकतेच आलो होतो. घरोघरी केबल येत होती आणि कोर्टाच्या मालिका बघून मी अर्धी वकील झाले होते. शेजारच्या ख्रिस्ती मावशी एकदा म्हणाल्या, "परसों रेसकोर्स का घोडा गल्ली में घुसा, मैं खुद देखी." मी परवाचा वार सांगून गल्लीभर चौकशी केली. परवा घोडा कुणालाच दिसला नव्हता. मग मी मावशींना ऐकवलं, "येशूची रिकामी कबर पाहणाऱ्या तुमच्या त्या बायकाही अशाच! बायबलात एकीकडे लिहिलंय तिथे एक देवदूत होता, दुसरीकडे दोन!" येशू मेल्यावर पुन्हा उठला, ही मावशींची सारी श्रद्धा त्याच बायकांच्या शब्दावर उभी होती. त्यांनी आमच्याकडे येणंच सोडलं.

पुढे किराणावाल्याने हसत हसत उलगडा केला. घोडा खरंच आला होता, पण माझ्या लग्नाच्याही आधी. हैदराबादेत गेलेला कुठलाही दिवस परसोंच असतो! मी तोंड पाडून मावशींकडे गेले. चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या,

"घोडा झूटा नईं था बेटी, तू परसों गलत समझी. अब बोल, वो औरतां की बात पूरी सुनी क्या, के वहां बी गिनतीच करते बैठी?"