खोडदच्या अँटेनांवर फोडलेलं खापर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — ती निघून जाण्याआधी बोलायला वेळ भरपूर होता, तरी नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही भिवाला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

भिवा माझा शाळेपासूनचा मित्र. खोडदजवळच्या आमच्या गावातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी शिकायला पुण्याला गेलो, तो मेंढरांमागे राहिला. सुट्टीत घरी गेलो की बांधावर बसून आम्ही सिनेमाच्या गप्पा हाणायचो. नव्वदचं दशक संपत आलेलं, तेव्हा एकदा ठरलंच — आपणच सिनेमा काढायचा. पैसे? नव्हतेच. पण आमच्याच वर्गातला सुनील जुन्नरला लग्नाच्या शूटिंगा करायचा, आणि पावसाळ्यात लग्नं नसतात म्हणून त्याचा कॅमेरा मोकळा असायचा. गोष्ट मी लिहिली. हरवलेला मेंढा शोधत निघालेला एक धनगर. धनगर अर्थातच भिवा. मेंढरं त्याची, घोंगडी त्याची आणि दुपारची भाकरीही त्याच्याच घरची.

श्रावणापासून दिवाळीपर्यंत जमेल तसं शूटिंग केलं. थोडं जुन्नरच्या पुढे मढच्या बाजूला डोंगरात, बाकी सगळं गावच्या शिवारात. कॅमेरा सुरू झाला की आमची बाकीची मंडळी लाकडासारखी ताठ व्हायची. भिवा मात्र घरी बोलतो तसाच बोलायचा. त्याची आई रोज येऊन बांधावर बसायची. मोतीबिंदूनं तिची नजर गेल्यात जमा होती. भिवा मला पुन्हापुन्हा बजावायचा, "आयला दिसायचं न्हाई राव, पर तिला ऐकू लई झ्याक येतं. माझं बोलनं तेवढं खणखणीत घे."

मी घेतलं. तेच तर सांगायचंय. खणखणीतच आलं होतं.

सिनेमा जोडायला पुण्यात एका ओळखीच्या स्टुडिओत बसलो. तिथली दोन पोरं मागे चहा पीत उभी होती. पडद्यावर भिवा म्हणाला, "माझा मेंढा हितंच व्हता." पोरं हसली. वाईट हसली नाहीत — आपण सहज हसतो ना, तेवढंच. पण मला हॉस्टेलचं पहिलं वर्ष आठवलं. मी 'व्हतं' म्हटलं की अख्खी खोली खिदळायची. ते 'व्हतं' मी जिभेवरून किती कष्टानं खरवडून काढलं होतं! आणि आता ते माझ्याच सिनेमात, नायकाच्या तोंडी? मला लाज वाटली. भिवाची? नाही हो — माझी स्वतःचीच. पण भोगायला लावलं मी त्याला.

पोरं गेल्यावर मी दार लावलं, माइकसमोर बसलो आणि भिवाचं एकूण एक वाक्य स्वतः बोललो. स्वच्छ, पुस्तकी. 'होता'. 'नाही'. मेंढरांना घातलेली हाकसुद्धा माझीच. त्याचा आवाज सिनेमातून पार काढून टाकला.

आता गावात काय सांगायचं? एसटी नारायणगावला पोहोचायच्या आत मला खोटं सुचलं होतं. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य अँटेना आहेत, आकाशातलं ऐकणाऱ्या. त्यांच्या आसपास हे यंत्र नको, ते नको, असं आमच्या भागात सगळ्यांच्या कानावर असायचं. मी भिवाला म्हटलं, अँटेनांनी तुझा आवाज खाल्ला रे, नुसती खरखर आली, म्हणून मला बोलावं लागलं. दुसऱ्या कुठल्या गावात हे खपलं असतं का? आमच्याकडे लगेच खपलं. खरं तर सगळं उलटं आहे. आपल्या यंत्रांचा त्रास त्यांना होतो. त्या कुणाचं काही बिघडवत नाहीत. सुनील तिथंच होता. शूटिंगभर हेडफोन त्याच्याच कानाला होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वायर गुंडाळायला लागला. पुढे त्यानं माझ्याबरोबर कधी काम केलं नाही. आणि भिवा? तो उलट माझीच समजूत घालत बसला. "जाऊ दे राव. तू तरी काय करनार?"

चैत्रात गावची यात्रा. देवळापुढे टेबलावर मोठा टीव्ही ठेवून आम्ही सिनेमा लावला. भिवाची आई धुवट लुगडं नेसून सगळ्यात पुढे. मी तिच्या मागेच बसलो होतो. पहिल्याच दृश्यात भिवा आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि तो — म्हणजे मी — बोलू लागलो. म्हातारीनं टीव्हीकडे कान केला. जरा वेळ ऐकलं. मग शेजारणीला विचारलं, "आपला भिवा कवा येनार गं?"

"अगं, त्योच बोलतोय की."

"न्हाई गं बाई. ह्यो कुनी दुसराच हाय."

आणि ती पुन्हा कान देऊन बसली, लेकाची वाट बघत. तेव्हा मी उठून सांगू शकलो असतो. सगळं गाव समोर होतं. मी मांडीवरची धूळ झटकत राहिलो.

भिवा मागे उभा होता, तो पुढे आला. आईजवळ उकिडवा बसला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन स्वतःची वाक्यं बोलू लागला. टीव्हीतून मी 'होता' म्हणायचो, मग तो हळूच 'व्हता' म्हणायचा. सिनेमा संपेपर्यंत. एक वाक्य चुकला नाही. म्हातारी हसत होती, आणि दोन्ही आवाज मला ऐकू येत होते.

म्हातारी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यात एकटाच राहतो, यात्रेला तेवढा जातो. मागच्या खेपेला भिवानं मला हाताला धरून पाहुण्यांपुढे नेलं. "पावणं, ह्यो आपला डायरेक्टर. लई झ्याक पिच्चर काढला व्हता आमी. निस्ता त्या अँटेनांनी घोळ केला, नायतर माझा आवाज..." आणि खात्रीसाठी त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.